सणासुदीच्या दिवसांत तब्येत कशी सांभाळावी? पोळ्यापासून मंडईपर्यंत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकताना "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" असे म्हटले जाते, आणि तेथून पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतील मंडया, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रा, आटोपेपर्यंत आपल्या खेड्यांत सणांची रांग लागलेली असते. याच काळात प्राथमिक आरोग्य केंद्रात एक वाक्य आम्हाला सर्वाधिक ऐकू येते: "सण होऊन जाऊ द्या साहेब, मंग येतो." पुढील प्रश्न गावकऱ्यांनी वेळोवेळी विचारलेले आहेत आणि उत्तरे लिहिताना ते "मंग" सतत डोळ्यांपुढे होते.

सणांच्या दिवसांतच घरोघरी आजारपण का येते?

आपल्याकडे सणांचे आणि आजारांचे दिवस एकच आहेत. श्रावण अमावास्येला पोळा येतो तेव्हा डबकी भरलेली असतात, बांधावर गवत कमरेइतके वाढलेले असते आणि कपाशीवर फवारणी चालू असते. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनची सोंगणी येते, दिवाळीत कापूस वेचणीला आणि पूर्वेकडे धान कापणीला आलेले असते. म्हणजे ज्या आठवड्यांत शरीर सर्वाधिक दमलेले असते, त्याच आठवड्यांत जागरणे होतात, जेवण जड होते, पाहुणे येतात आणि रोजच्या गोळ्या विसरल्या जातात. घरातील बाईचे हाल तर विशेष होतात. ती पहाटे पुरण शिजवते, दिवसभर वेचणी करते आणि सर्वांची पंगत उठल्यावर जेवते. आजाराचे खापर आपण पुरणपोळीवर फोडतो, पण माझ्या अनुभवात सणातले गंभीर आजारपण बहुतेक वेळा सुटलेल्या गोळीतून किंवा अंगावर काढलेल्या तापातून येते.

पोळ्याला बैल धुण्यासाठी नाल्यावर जाताना काय जपावे?

पहिली गोष्ट पाण्याच्या खोलीची. पावसाळ्यानंतर ओळखीच्या डोहाचाही तळ बदललेला असतो, म्हणून बैल गुडघाभर पाण्यातच धुवावेत आणि लहान मुलांना एकटे पाठवू नये. गणपती व देवी विसर्जनालाही हाच नियम लागू आहे. दुसरी गोष्ट जखमांची. जनावरांच्या व उंदरांच्या लघवीतून पाण्यात आणि चिखलात लेप्टोस्पायरोसिसचे जंतू मिसळतात आणि पायाच्या भेगांतून किंवा ओरखड्यांतून शरीरात शिरतात. पायाला जखम असेल तर त्या दिवशी बैल दुसऱ्याने धुवावेत, आणि घरी आल्यावर पाय साबणाने धुवावेत. त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना किंवा डोळ्यांत लाली दिसली, तर आपण पाण्यात उतरलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

ताप आला आहे, पण घरी महालक्ष्म्या बसल्या आहेत. दोन दिवस थांबले तर चालेल का?

नाही, थांबू नये. या मोसमात साधा वाटणारा ताप डेंग्यूचा, मलेरियाचा किंवा स्क्रब टायफसचा असू शकतो.

डेंग्यूची फसवी बाजू अशी की ताप उतरल्यावर घरचे निश्चिंत होतात आणि बऱ्याचदा नेमका तेव्हाच धोका सुरू होतो. ताप उतरत असताना पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणे, लघवी कमी होणे यांपैकी काहीही दिसले तर त्याच तासाला निघावे. तापासाठी वजनानुसार पॅरासिटामॉल तेवढे घ्यावे. किराणा दुकानात अंगदुखीसाठी मिळणाऱ्या डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिनच्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

स्क्रब टायफस गवतातील सूक्ष्म किड्यांच्या चावण्यातून होतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत त्याचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले होते. काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली किंवा स्तनाखाली विडीने भाजल्यासारखी काळी खपली दिसते. ती दुखत नाही, खाजतही नाही, म्हणून कोणी सांगत नाही. सोंगणी केलेल्या माणसाला ताप आला तर घरच्यांनी अंग नीट तपासावे. डॉक्सिसायक्लिन हे जुने, स्वस्त औषध वेळेवर सुरू झाले तर एक-दोन दिवसांत ताप उतरू लागतो. उशीर झाला तर फुप्फुसे आणि मूत्रपिंडे धोक्यात येतात.

घर सजवले, अंगण सारवले. डासांसाठी आणखी काय करायचे?

रांजण, ड्रम, हौद आणि बैलांचे पाण्याचे टाके आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामे करून आतून घासावे. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पूर्ण वाढायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा नेम मोडू नये. हा डास दिवसा चावतो. दुपारी झोपवलेल्या बाळालाही मच्छरदाणी हवी.

सणाच्या दिवसांत फवारणी करावी लागली तर?

हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही, कारण २०१७ च्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. हरतालिकेचा किंवा नवरात्राचा कडक उपवास असताना आणि आदल्या रात्री दारू झालेली असताना पंप पाठीवर घेऊ नये. वारा समोरून तोंडावर येत असताना फवारू नये. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत आणि आंघोळ झाल्याशिवाय प्रसादाला हात लावू नये. रिकाम्या डब्यांत तेल किंवा पाणी भरण्याची सवय काही घरांत अजून दिसते. सणाला तेलाचा मोठा डबा लागतो तेव्हा हा मोह विशेष होतो. कितीही धुतले तरी तो डबा स्वयंपाकाच्या उपयोगाचा राहत नाही. फवारणीनंतर खूप घाम, लाळ, उलट्या, अंधुक दिसणे किंवा छातीत घरघर सुरू झाली, तर कपडे काढून अंग साबणाने धुवावे, रुग्णाला त्वरित दवाखान्यात न्यावे आणि औषधाचा डबा सोबत घ्यावा, कारण त्यावरील नावावरून उपचार ठरतो.

मला शुगर आहे. महालक्ष्मीच्या जेवणाला मी काय करावे?

जेवायला बसावे. पंगतीतून उठवलेला रुग्ण रात्री चोरून खातो, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. त्यापेक्षा आधी ठरवून खाणे बरे. त्या दिवशी पानात पुरणपोळी, भात, वडे, आंबील, खीर आणि भजी असे सारेच असते, आणि यांपैकी बहुतेक पदार्थ पिष्टमय किंवा गोड असतात. म्हणून एक पुरणपोळी घेतली तर भात आणि खीर नावापुरती घ्यावी. पालेभाजी, कढी आणि कोशिंबीर आधी खावी, पुरण नंतर. तुपाने साखर वाढत नाही, पण वजन आणि कोलेस्टेरॉल यांचा विचार करून तेही चमच्याने मोजूनच घ्यावे. जेवणानंतर लगेच आडवे न होता गावातून अर्धा तास चालावे. आरतीला दुसऱ्या टोकाच्या घरी पायी जाणे हा त्यातला उत्तम उपाय आहे. इन्सुलिन किंवा गोळी मात्र जेवण उशिरा होणार असेल तर उशिरा घ्यावी. ज्या घरात नैवेद्याशिवाय कोणी जेवत नाही आणि नैवेद्याला दुपारचे तीन वाजतात, तेथे सकाळी गोळी घेऊन उपाशी बसलेल्या म्हाताऱ्या माणसाची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. देवाला त्याची भूक समजते. घरच्यांनीही समजून त्याला आधी वाढावे.

साखरेऐवजी गूळ घातला तर चालतो ना?

चालत नाही. गुळाने रक्तातील साखर जवळपास तितकीच वाढते. मधाचेही तसेच.

नवरात्राचे नऊ दिवस उपवास करताना गोळ्या बंद ठेवाव्यात का?

रक्तदाब, मिरगी, थायरॉइड आणि हृदयविकाराच्या गोळ्या एक दिवसही बंद ठेवू नयेत. घोटभर पाण्यासोबत गोळी घेतल्याने उपवास मोडतो असे आमच्या भागातील कीर्तनकारही म्हणत नाहीत. मधुमेहाच्या गोळ्यांचा डोस उपवासाआधी डॉक्टरांकडून बदलून घ्यावा. उपवासात हात थरथरणे, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी किंवा बोलण्यात गोंधळ जाणवला तर साखर ७० च्या खाली गेली असे समजून तीन लहान चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे आणि बरे वाटताच जेवण द्यावे. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायांनी, तसेच सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांनी कडक उपवास करू नये.

भगरीबद्दल वेगळे सांगणे आवश्यक आहे. भगर खाऊन विषबाधा झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात जवळपास दरवर्षी नवरात्रात येतात. ओलसर हवेत भगरीवर बुरशी धरते आणि तिने तयार केलेले विष शिजवूनही पूर्णपणे जात नाही. सुटे भगरीचे पीठ विकत घेऊ नये. पाकीटबंद भगर आणावी, निवडून धुवावी, लागेल तेवढीच दळावी, आणि उरलेली मागच्या वर्षीची भगर काढू नये.

आमच्या गावात भंडाऱ्याला हजार माणसे जेवतात. अन्न खराब होऊ नये म्हणून काय करावे?

काही वर्षांपूर्वी एका भंडाऱ्यानंतर रात्री दहाच्या सुमारास आमच्याकडे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून माणसे येऊ लागली. उलट्या, पोटात कळा, लहान मुले निपचित. चौकशीत कळले की भात सकाळी अकरा वाजता शिजवून ताडपत्रीवर पसरला होता, वर ओले कापड झाकले होते आणि मिरवणूक लांबल्याने पंगत संध्याकाळी सहाला बसली. गोवऱ्यांच्या निखाऱ्यातून थेट ताटात आलेल्या रोडग्यांचा काही दोष नव्हता. वांग्याची भाजीही शेवटपर्यंत चुलीवर उकळत होती. दोष होता सात तास कोमट पडून राहिलेल्या भाताचा.

भातातील काही जंतूंचे बीजाणू शिजवूनही जिवंत राहतात, भात कोमट राहिला की वाढतात आणि असे विष तयार करतात जे पुन्हा गरम केल्यावरही टिकते. वाढणाऱ्याच्या हाताला पिकलेली जखम असेल तर तिच्यातील जंतूंचेही तसेच आहे. त्यामुळे "एक उकळी काढून घेऊ" हा उपाय येथे लागू पडत नाही. भात पंगतीच्या अंदाजाने थोडा थोडा शिजवावा आणि शिजल्यापासून दोन तासांत वाढावा. वरण आणि भाजीचे गंज चुलीवरून उतरवू नयेत. वाफ निघत असली पाहिजे. दही, मठ्ठा आणि खव्याची मिठाई शेवटी आणावी. पाण्याच्या टाकीत आदल्या रात्री क्लोरीन टाकण्यासाठी आरोग्य सेवकाला आधी कळवावे. हाताला जखम किंवा जुलाब असलेल्या माणसाने वाढायला उभे राहू नये, मग तो मंडळाचा अध्यक्ष का असेना. वाढण्याआधी साबणाने हात धुण्याची बादली पंगतीच्या तोंडाशीच ठेवावी. लांब ठेवली तर तिच्याकडे कोणी जात नाही.

जुलाब सुरू झाले तर घरी काय द्यावे?

ओआरएसची पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एकाच वेळी पूर्ण मिसळावी. अर्धी पुडी अर्ध्या पेल्यात असा अंदाज करू नये. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ घालावे. मुलाला ते घोट-घोट द्यावे, अंगावरचे दूध चालू ठेवावे आणि आशाताईंकडून झिंकच्या गोळ्या घेऊन जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण कराव्यात. डोळे खोल गेले, मूल पाणी पिईना किंवा शौचात रक्त दिसले, तर घरी वेळ घालवू नये.

दिवाळीच्या फराळाने रक्तदाब वाढतो का?

मिठामुळे वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, म्हणजे सपाट भरलेल्या एका लहान चमच्याइतकेही नाही. शेव, चकली, चिवडा दिवसभर तोंडात टाकत राहिले की ही मर्यादा जेवणाआधीच संपते. फराळ ताटलीत एकदाच वाढून घ्यावा, डब्यातून खाऊ नये. तळणाचे तेल काळे, घट्ट किंवा फेसाळ झाले की टाकून द्यावे. लक्ष्मीपूजनाला तळलेल्या तेलातच तुळशीच्या लग्नापर्यंत भजी काढली जातात, हे बंद झाले पाहिजे.

फटाक्याने भाजले तर हळद किंवा टूथपेस्ट लावावी का?

काहीही लावू नये. भाजलेला भाग साध्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटे धरावा, बांगड्या-अंगठ्या लगेच काढाव्यात, स्वच्छ ओल्या कापडाने झाकावे आणि दवाखान्यात यावे. कार्बाइड आणि पाणी घालून पाइपमधून आवाज काढण्याचा प्रकार मुलांच्या हाती अजिबात देऊ नये. २०२५ च्या दिवाळीत शेजारच्या मध्य प्रदेशात, विशेषतः भोपाळमध्ये, यामुळे अनेक मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली. डोळ्यात काही उडाले तर चोळू नये. भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुऊन थेट नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे.

मंडईला रात्रभर नाटक पाहायला जायचे आहे. सिकलसेलच्या मुलाला नेले तर चालेल का?

नेऊ शकता, पण तयारीने. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया आणि नागपूर या जिल्ह्यांत सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे, आणि मंडईचा मोसम नेमका थंडी सुरू होण्याचा असतो. या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून असह्य वेदना देतात. थंडी, पाण्याची कमतरता, दमणूक, ताप आणि दारू ही या वेदनांना आमंत्रण देणारी कारणे आहेत. झाडीपट्टीचे नाटक रात्री उशिरा सुरू होते आणि पहाटे संपते. उघड्या मैदानात दव पडते, मूल बसल्या जागी झोपते आणि तहान लागली तरी लघवीला लांब जावे लागेल म्हणून पाणी पीत नाही. सकाळी ते मांड्या धरून रडत दवाखान्यात येते.

म्हणून स्वेटर, कानटोपी, पायमोजे आणि घोंगडी सोबत असावी. पाण्याची बाटली मुलाच्या हाती द्यावी आणि दर तासाला पाजावे. हायड्रॉक्सियुरिया व फॉलिक ॲसिडच्या गोळ्या त्या दिवशीही द्याव्यात. पहिला अंक पाहून मुलाला मुक्कामाच्या घरी झोपवणे सर्वांत चांगले. १०१ अंशांच्या वर ताप, छातीत दुखणे, दम लागणे, अचानक पांढरे पडणे, डाव्या कुशीत पोट फुगणे किंवा एका बाजूचे हातपाय लुळे पडणे, यांपैकी काहीही झाले तर नाटक सोडून निघावे.

तुळशीच्या लग्नानंतर सोयरिकी जमतात. सिकलसेलची तपासणी आधी करावी का?

अवश्य करावी. मुलगा आणि मुलगी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. प्राथमिक तपासणी शासकीय आरोग्य केंद्रात मोफत होते, आणि २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात तपासणीचा निकाल लिहिलेले कार्डही मिळते. वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे, त्यामुळे कोणाची सोयरीक लपवाछपवीने मोडू नये. दोन्हीकडच्यांनी आशाताईंसमवेत बसून बोलावे.

करीच्या दिवशी खर्रा आणि दारू थोडी झाली तर काय बिघडते?

खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचे मिश्रण, सणाला सुरू होतो आणि वर्षभर राहतो. माझ्याकडे तोंड उघडता न येणारी पंचविशीतली मुले येतात, त्यांतील बहुतेकांनी पहिली पुडी अशाच एखाद्या पोळ्याला मित्राच्या हातून घेतलेली असते. तंबाखू आणि सुपारी दोन्हींनी तोंडाचा कर्करोग होतो. दारूबाबत एवढेच की मधुमेहाच्या गोळ्यांवर ती प्यायल्यास साखर झोपेतच उतरते, आणि चोरट्या दारूत मिथेनॉल मिसळलेले असेल तर दृष्टी किंवा प्राण जातो. प्यायल्यावर दुसऱ्या दिवशी धूसर दिसू लागले तर लाज न बाळगता यावे. आम्ही पोलिसांत कळवण्याआधी डोळे वाचवतो.

थंडीत बाळाला खोकला झाला. दुकानातले सिरप द्यावे का?

देऊ नये. २०२५ मध्ये छिंदवाडा भागातील लहान मुले विषारी द्रव्य मिसळलेल्या सिरपमुळे मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्यांतील अनेकांवर नागपुरात उपचार सुरू होते. पाच वर्षांखालच्या मुलाला डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय सिरप नको. एक वर्षावरील मुलाला कोमट पाणी आणि थोडा मध पुरतो. बाळाचा श्वास जलद चालत असेल किंवा छातीखाली खळगे पडत असतील तर ते न्यूमोनियाचे लक्षण आहे.

सणाच्या दिवशी दवाखाना बंद असतो, मग कोठे जावे?

बाह्यरुग्ण विभाग बंद असला तरी बाळंतपण व तातडीच्या रुग्णांसाठी आरोग्य केंद्रात कर्मचारी असतात. साप चावणे, विषबाधा, अपघात किंवा छातीतील दुखण्यासाठी १०८ ला फोन करावा, गरोदर माता आणि बाळासाठी १०२ ला. साप चावल्यास बांधू नये, कापू नये, मांत्रिकाकडे नेऊ नये. चावलेला अवयव स्थिर ठेवून आणावे.

रोजच्या गोळ्या मात्र धनतेरसच्या आधीच महिनाभराच्या घेऊन ठेवाव्यात. आमच्या एका आजीबाई त्यांची पट्टी देव्हाऱ्यात निरांजनाच्या ताटलीखाली ठेवतात. सांजवात लावताना ताटली उचलावी लागते, त्यामुळे गेल्या चार दिवाळ्यांत त्यांची रक्तदाबाची एकही गोळी चुकलेली नाही.